बेळगाव-लोंढा पट्ट्यात सहल गाड्यांवरची जुनी डिझेल इंजिनं: ओळखायची कशी, गाठायची कुठे

सहल गाडी येणार असली की पेपरात सगळं छापून येतं, कुठून निघणार, किती रात्री, जेवण काय, तिकीट केवढ्याला, फक्त पुढे इंजिन कुठलं लागणार हे कधीच येत नाही. आणि आपल्याला तर तेवढंच पाहिजे असतंय. मग लोक ग्रुपवर विचारत बसतात, "आज काय आहे, अल्को की इएमडी?", (ही डिझेल इंजिनांची दोन घराणी, खाली येतीलच) उत्तर येईपर्यंत गाडी घटप्रभा पार करून गेलेली असते. माझं मत साफ आहे: इंजिनाची खबर काढत बसू नका, इंजिनाला जिथे थांबावंच लागतं किंवा जिथे जोर लावावाच लागतो अशा जागी आधी जाऊन उभे राहा, आणि समोर आलेलं इंजिन दहा सेकंदात ओळखता येईल एवढी तयारी घरूनच करून जा. खाली हेच सगळं सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी ठरवा, शोधताय काय

आता मिरज ते लोंढा विजेच्या तारा आल्या आहेत, पुणे-हुबळी वंदे भारत २०२४ पासून याच लाइनवरून जाते, बेंगळुरू-बेळगाव वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. म्हणजे रोजच्या गाडीला डिझेल दिसलं तर मान वळवून बघायचे दिवस आलेत. त्यामुळे "जुनं डिझेल" म्हणजे नेमकं काय हे डोक्यात पक्कं पाहिजे, नाहीतर कुठल्याही धूर सोडणाऱ्या डब्याचा फोटो काढून घरी याल.

आपल्याकडे मोठी घराणी दोनच. पहिलं अल्को. अमेरिकेतल्या स्केनेक्टडीच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचं डिझाइन, १९६२ मध्ये तिथून तयार इंजिनं आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागली. तीच डब्ल्यूडीएम-२, सोळा सिलिंडर, २६०० एचपी. गंमत अशी की मूळ कंपनी १९६९ ला बंद पडली पण आपण तेच इंजिन सुधारत सुधारत पुढची कितीतरी दशकं बनवत राहिलो, एकट्या डब्ल्यूडीएम-२ ची संख्याच अडीच हजारांच्या वर गेली. त्याचीच पुढची पिढी म्हणजे ३१०० एचपीची डब्ल्यूडीएम-३ए, ३३०० एचपीची ३डी, आणि मालगाडीवाली डब्ल्यूडीजी-३ए. कितीतरी ३ए तर जुन्या डब्ल्यूडीएम-२ च पतियाळाच्या कारखान्यात नव्याने बांधलेल्या आहेत, म्हणजे कागदावर ३ए पण चेसिस सत्तरच्या दशकातली, अशीही असतात.

दुसरं घराणं इएमडी, म्हणजे इलेक्ट्रो-मोटिव्ह डिव्हिजन, तेही अमेरिकनच. १९९९ ला डब्ल्यूडीजी-४ आली, ४००० एचपी, आणि ती आली कुठे तर आपल्या हुबळीच्या शेडला (इंजिनं ठेवायची, दुरुस्त करायची जागा). २००१ ला तिची पॅसेंजर बहीण डब्ल्यूडीपी-४ आली, तीही हुबळीलाच. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्या भागातले पोरं अल्कोच्या मागे वेडी असतात आणि हुबळीच्या इएमडीकडे "ही तर रोजचीच" म्हणून पाठ फिरवतात. अरे बाबांनो, पहिली डब्ल्यूडीजी-४ येऊन पंचवीस वर्षं उलटून गेली, ती या पट्ट्याची खरी ओळख आहे, अल्को तर देशभर होती. एका कॅबच्या (ड्रायव्हरची खोली एकाच टोकाला असलेल्या) सुरुवातीच्या इएमडी दिसल्या तर अल्कोएवढ्याच मन लावून फोटो काढा, पुढे मिळणार नाहीत.

(बिहारमधल्या मढौराच्या कारखान्यातली जीई, म्हणजे जनरल इलेक्ट्रिकची डिझेलंही आहेत, ४५०० एचपी आणि त्याहून मोठी, पण ती नवीन आहेत, वारशाच्या यादीत अजून बसत नाहीत. त्यांचे नंबर ४९ हजार किंवा ६९ हजारांत असतात, दिसली तर नोंद करा आणि पुढे चला.)

कान आधी, डोळे नंतर

गाडी वळणाआड असतानाच निम्मं काम कानानं होतं. अल्कोचं इंजिन फोर-स्ट्रोक, आयडलला चारशेच्या आसपास आरपीएम, त्यामुळे उभं असताना एक संथ, अडखळल्यासारखा, मोजता येईल असा ठोका ऐकू येतो. शेतात विहिरीवर चालणारं जुनं किर्लोस्कर इंजिन ज्यांनी ऐकलंय त्यांना तो ठोका शिकवावा लागत नाही. (लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलच्या दुकानाने सुरुवात बेळगावातच केली होती, १८८८ ला, म्हणजे नातं तसं जवळचंच आहे.) इएमडी टू-स्ट्रोक, प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडर पेटतो, म्हणून आवाज भरीव आणि सलग येतो, त्यावर टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या पंख्याची शीळ. शिवाय इएमडी सुटताना खालून मोटरींचा एक वेगळाच चढत जाणारा "ऊंऽऽ" येतो, ते एसी मोटरी आणि इन्व्हर्टरमुळे. अल्कोत ते नसतंय, तिथे मोटरी डीसी.

धुराचंही तसंच. अल्को नॉच (ड्रायव्हरच्या हातातल्या जोराच्या दांड्याची पायरी) वाढवला की काळा धूर सोडते, सगळ्यांना माहीत आहे, पण का सोडते हे कळलं तर फोटो कधी दाबायचा ते कळतं. अल्कोचा टर्बो फक्त एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो. ड्रायव्हरने नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढतं पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात, तोपर्यंत हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून काळा धूर. टर्बो पकडला की धूर पातळ होतो. इएमडीचा टर्बो कमी वेगाला गिअरने इंजिनलाच जोडलेला असतो, त्यामुळे हवा कमी पडत नाही आणि धूर फारसा होत नाही. म्हणजे अल्कोचा धुराचा फोटो पाहिजे तर भर वेगात जाणाऱ्या गाडीचा काढून उपयोग नाही, थांबलेली गाडी सुटताना तिच्यापुढे दोनशे-तीनशे मीटरवर उभे राहा. लूप लाइनवर (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) क्रॉसिंगला, म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट द्यायला थांबवलेली गाडी असेल तर लॉटरीच लागली म्हणायची.

गुंजीसारख्या छोट्या स्टेशनवर हे नीट बघायला मिळतं. स्टार्टर सिग्नल पडतो, म्हणजे आता हिरवा होतो, गार्ड शिट्टी देतो, ब्रेक सुटल्याचा फुस्स आवाज डब्याडब्यातून मागे जातो. मग पहिला नॉच, आवाजात फरक जेमतेम, पण कॅबच्या खालची जमीन थरथरल्यासारखी वाटते. कपलिंगं ताणली जातात, टण-टण-टण मागे जात, गाडी एक हात सरकते. दुसरा, तिसरा नॉच, आणि इथे धुराड्यातून तो जाड काळा खांब उठतो, झाडांच्या वर जातो, वारा नसेल तर तिथेच थांबतो. चाक घसरलं तर आवाज एकदम चढतो आणि ड्रायव्हर नॉच पाडतो, वाळू सोडतो. हे सगळं मिनिटभरात संपतं, म्हणून कॅमेरा आधी तयार पाहिजे, व्हिडिओ पाहिजे की फोटो हेही आधी ठरवा, दोन्हीच्या नादात दोन्ही जातं.

आता डोळे: बोगी, हूड, नंबर, शेड

रंगावर जाऊ नका. रंग शेडप्रमाणे बदलतो, पीओएचनंतर (ठराविक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीनंतर) बदलतो, कधी जाहिरात चिकटवलेली असते. बघायचं ते चाकांकडे. डब्ल्यूडीएम-२ आणि ३ए च्या बोगीत (डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची चौकट) तीन अ‍ॅक्सल असतात पण सारख्या अंतरावर नसतात, दोन जवळजवळ आणि तिसरा जरा लांब. एकदा लक्षात आलं की लांबून पण कळतं. ३डी आणि डब्ल्यूडीजी-३ए ला दुसरी, हाय अ‍ॅडहिजन, म्हणजे रुळाला जास्त पकड देणारी बोगी आहे, तिथे अ‍ॅक्सल सारख्या अंतराने. म्हणजे वरून दोन्ही अल्को असल्या तरी खाली बघितलं की जुनी कुठली ते समजतं. आणि सुरुवातीच्या डब्ल्यूडीपी-४ ची गंमत वेगळीच, तिच्या सहापैकी चारच अ‍ॅक्सलना मोटरी आहेत, पुढच्या ४बी आणि ४डी ला सहाही.

अंगाने बघायचं तर अल्कोला एका टोकाजवळ कॅब, कॅबच्या पुढे शॉर्ट हूड, म्हणजे आखूड नाक, आणि मागे लांबलचक लाँग हूड, त्या लाँग हूडच्या शेवटी वर एक मोठा रेडिएटर फॅन. इएमडी जास्त उंच आणि लांब वाटते. दोन्हीकडे कॅब असेल तर ती ४डी, म्हणजे नवीन, तिच्यासाठी धावपळ करायची गरज नाही.

इथे एक उपयोगाची गोष्ट. एका कॅबचं इंजिन टोकाच्या स्टेशनवर वळवलं नाही तर येताना उलटं येतं. म्हणजे जाताना शॉर्ट हूड पुढे असेल तर परतीला लाँग हूड पुढे असण्याची शक्यता चांगली असते. लाँग हूड पुढे घेऊन वळणावर येणारी अल्को हा फोटो कोणाला आवडतो, कोणाला नाही, मला तर फार आवडतो, ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून बघत असतो आणि दोघं सिग्नल ओरडून एकमेकांना सांगतात. तर जाताना चुकलं म्हणून हिरमुसू नका, परतीचा दिवस काढा.

नंबरांचं गणित ढोबळपणे असं लक्षात ठेवा. १६, १७, १८ हजारांत डब्ल्यूडीएम-२ आणि त्यातून बांधलेल्या ३ए. ११ हजारांत ३डी. १३ हजारांत डब्ल्यूडीजी-३ए. १२ हजारांत डब्ल्यूडीजी-४, त्यातली १२००१ पासूनची सुरुवातीची सगळी मूळ हुबळीची. २० हजारांत डब्ल्यूडीपी-४. ४० हजारांत ४बी-४डी, ७० हजारांत नंतरच्या डब्ल्यूडीजी-४. ३६ हजारांत दिसलं तर ते डब्ल्यूडीएस-६, शंटिंगचं, म्हणजे यार्डात डबे हलवायचं छोटं, सहा सिलिंडरचं अल्को, यार्डात कोपऱ्यात उभं असतंय आणि कोणी बघत नाही, ते बघा.

क्लासच्या नावात आकडा म्हणजे हजार एचपी आणि अक्षर म्हणजे वरचे शंभर, ३ए म्हणजे ३१००, असं शिकवतात. ३डी ला मात्र हे गणित लावायला जाऊ नका, हिशोबाने ३४०० यायला पाहिजे पण आहे ३३००. आणि डब्ल्यूडीएम-२ मधला २ हा एचपीचा नाहीच, तो जुन्या पद्धतीचा क्रमांक आहे.

शेडचं नाव इंजिनाच्या अंगावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे हुबळी तर असणारच, कृष्णराजपुरम, पुणे, गुत्ती, गुंतकल ही नावं ओळखीची असू देत, अल्कोची ही मोठी ठिकाणं होती. आता बऱ्याच डिझेल शेडमध्ये इलेक्ट्रिक इंजिनंही ठेवतात, त्यामुळे नुसतं शेडचं नाव वाचून उड्या मारू नका.

थांबलेल्या इंजिनाजवळ प्लॅटफॉर्मवरून जाता आलं तर बिल्डरची पाटी शोधा, कारखाना आणि वर्ष असतं. रीबिल्ड असेल तर त्याचीही पाटी असते. बाजूलाच पीओएचची तारीख रंगवलेली असते. आणि रंग जुना झाला असेल तर उन्हाच्या तिरक्या उजेडात नव्या रंगाखाली जुन्या अक्षरांची उठलेली कड दिसते, कधी जुन्या शेडचं नाव वाचता येतं. फोनची टॉर्च बाजूने मारली की आणखी स्पष्ट दिसतं.

कुठल्या गाड्यांवर नजर ठेवायची

सगळ्यात देखणी गोल्डन चॅरियट, २००८ पासूनची, जांभळ्या-सोनेरी रंगाची. तिच्या फेऱ्यांमध्ये हंपी आणि गोवा असतंय, आणि गोव्याला जायचं म्हणजे लोंढा, कॅसल रॉक आलंच. डब्यांना कर्नाटकातल्या राजघराण्यांची नावं आहेत, त्यात एक कदंब पण आहे, आणि कदंबांची हलशी आपल्या खानापूर तालुक्यातच, लोंढ्यापासून काही फार लांब नाही, गाडीतल्या परदेशी पाहुण्यांना हे कोण सांगतं की नाही कुणास ठाऊक. दुसरी डेक्कन ओडिसी, महाराष्ट्राची, २००४ पासूनची. तिच्या ज्या फेरीत कोल्हापूरहून गोव्याला जायचं असतं ती मिरज-बेळगाव-लोंढा अशी येते, आपल्या दारावरूनच.

तिसरा प्रकार भारत गौरव गाड्या, २०२१ च्या धोरणानंतर आलेल्या. कर्नाटकची काशी दर्शन गाडी नोव्हेंबर २०२२ ला सुरू झाली, ती बेंगळुरूहून हुबळी, बेळगाव करत वर जाते. यात्रेकरूंची गाडी, आमच्या गल्लीतल्या आज्या-काकू दशम्या बांधून जातात त्यात. त्याशिवाय आषाढीच्या दिवसांत मिरज-पंढरपूर बाजूला जादा गाड्या, शाळा-मंडळांनी पूर्ण भाडं भरून घेतलेल्या गाड्या, हे असतंच.

ओळख सोपी आहे: पाच आकडी नंबर शून्याने सुरू झाला की ती स्पेशल. एनटीईएसवर (रेल्वेच्या गाडी-चौकशीच्या साइटवर) स्टेशन टाकून पुढच्या काही तासांतल्या गाड्या बघायच्या, शून्यवाला नंबर दिसला की मार्ग उघडून बघायचा, कुठे जास्त वेळ थांबतेय ते टिपायचं. दहा-पंधरा मिनिटांचा थांबा छोट्या स्टेशनवर दिसला तर तिथे काहीतरी आहे, इंजिन बदल, दिशा बदल, बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन) किंवा क्रॉसिंग. हेच तुमचं ठिकाण. टुरिस्ट गाडीचं टाइमटेबल कंपनीच्या माहितीपत्रकात तारखेसकट असतं, त्यावरून दिवस पकडायचा आणि वेळ त्या दिवशी लाइव्ह बघायची, कारण या गाड्यांना रोजच्या गाड्या पुढे काढून बाजूला उभं करतात, दोन-दोन तास उशीर सहज होतो. डबा, पाण्याची बाटली आणि चिरमुऱ्याची पिशवी घेऊनच निघा.

आणि एक सांगतो, बऱ्याच जणांना पटत नाही. अल्को बघायची असेल तर चकचकीत गाडीपेक्षा तिच्या आजूबाजूची कामाची गाडी बघा. खडीची हॉपर गाडी, रूळ वाहून नेणारी गाडी, ट्रॅक मशीन, अपघात-मदत गाडी, यार्डातलं शंटिंग, जुनी डिझेलं शेवटी अशाच कामाला लागतात. सहल गाडीची वाट बघत थांबलेल्या लोकांच्या पाठीमागून यार्डात एखादी ३ए निघून जाते आणि सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेले असतात. मालगाडीच्या मध्येच एखादं डिझेल थंड पडलेलं, धूर नाही, आवाज नाही, अंगावर खडूने काहीबाही लिहिलेलं, असं दिसलं तर ते डेड लोको. काही वेळा दुरुस्तीला चाललेलं असतं, काही वेळा भंगारात. नंबर नक्की लिहून घ्या.

उभं कुठे राहायचं

बेळगाव शहरात सोपं आहे. टिळकवाडीतलं पहिलं, दुसरं, तिसरं रेल्वे गेट सगळ्यांना माहीत, पुलावरच्या फूटपाथवरून खाली लाइन दिसते, पण पुलावर ट्रॅफिकमध्ये थांबून शिव्या खाऊ नका आणि कठड्यावरून बाहेर वाकू नका, खाली २५ हजार व्होल्टची तार आहे. स्टेशन २०२३ ला नवं झालं, प्लॅटफॉर्म स्वच्छ आहे, प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपये, दोन तास चालतं. नेहमीच्या गाडीचं इंजिन कुठल्या टोकाला थांबतं ते आधी एकदा बघून ठेवा, शेवटच्या क्षणी वीस डबे पळत जाणं जमत नाही. हुबळीला तर हे फारच महत्त्वाचं, तिथला प्लॅटफॉर्म १,५०७ मीटर आहे, जगात सगळ्यात लांब, चुकीच्या टोकाला उभे राहिलात तर इंजिन नुसतं ठिपका दिसेल.

उत्तरेकडे कुडचीजवळ कृष्णेचा पूल, त्याच्या अलीकडे रायबाग, घटप्रभा. मोकळं रान, ऊस, लांबून गाडी दिसते. उसाच्या हंगामात शेत उंच असेल तर इंजिन छपरापर्यंत झाकलं जातं हे लक्षात घ्या, तोडणी झाल्यावर जा. शेतात शिरताना मालकाला विचारा, विचारलं की नाही कोणी म्हणत नाही, उलट गुळाचा खडा हातावर ठेवतील.

देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी हा माझा आवडता भाग. झाडी वाढत जाते, वळणं येतात, गाडी दिसायच्या आधी आवाज येतो, आणि वर सांगितलेला कानाचा अभ्यास इथेच करायचा. बेळगाव ते लोंढा लाइन साधारण उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे सकाळी लाइनच्या पूर्वेला उभे राहा, दुपारनंतर पश्चिमेला. लोंढ्याला हुबळी आणि कॅसल रॉक या बाजू पूर्व-पश्चिम आहेत, तिथे थंडीत दक्षिण बाजूने दिवसभर बरा उजेड मिळतो.

लोंढा म्हणजे आपलं मुख्य ठाणं. बेळगाव, हुबळी आणि गोवा, तीन दिशा एकत्र येतात, त्यामुळे कुठलीही सहल गाडी इथे थोडी तरी रेंगाळतेच. गाडीची दिशा बदलणार असेल तर इंजिन सुटतं, बाजूच्या लाइनने फिरून दुसऱ्या टोकाला येतं, म्हणजे एकाच इंजिनाचे पुढून, बाजूने, मागून, सुटं असताना, सगळे फोटो. कपलिंग जोडताना शंटरचा हात, होजपाइप, हे जवळून टिपा, नुसते समोरून तिरके काढलेले फोटो सगळ्यांकडे असतात.

पुढे कॅसल रॉक, ते उत्तर कन्नडच्या जोयडा तालुक्यात येतं. तिथून कुळेपर्यंत ब्रागांझा घाट, २६ किलोमीटर, चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर उतार, रेल्वेच्या हिशोबात हे भयंकर आहे. गोव्याकडून चढताना मागून बँकर इंजिनं ढकलतात, ती कॅसल रॉकला सुटतात. उतरायच्या आधी ब्रेक तपासतात, म्हणून गाडी इथे थांबतेच. बँकरची जोडी किंवा त्याहून जास्त इंजिनं एकत्र जोर लावताना ऐकायची असतील तर कॅसल रॉकचा प्लॅटफॉर्म पुरेसा आहे, त्याच्या पुढे लाइनवरून चालत जायचं नाही.

हे न चालायचं मी ठासून सांगतोय. दूधसागरला रुळावरून चालत जाण्याविरुद्ध रेल्वेने २०२३ च्या पावसाळ्यात उघड आवाहन केलं होतं. रेल्वे कायद्याचं कलम १४७, विनापरवाना रेल्वे हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बोगद्यात दोन्ही बाजूला जागा नसते आणि घाटात उतरणारी गाडी हॉर्न दिला तरी पटकन थांबत नाही. घाट बघायचा तर तिकीट काढून गाडीत बसा, दारात लटकू नका, खिडकीतून वळणावर पुढचं इंजिन आणि मागचे बँकर दोन्ही दिसतात.

कॅमेरा, परवानगी, माणसं

मोबाइल पुरतो. चालत्या गाडीला शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, वेगात असेल तर १/१०००. तारा आल्यापासून खांब आडवा येतो हा सगळ्यांचा त्रास, त्यावर उपाय एकच, गाडी यायच्या आधी मोकळ्या लाइनचा एक फोटो काढून बघायचा की इंजिनाचं नाक दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत कुठे येतंय, आणि तिथेच दाबायचं. पावसाळ्यात खानापूरच्या पुढे दुपारी तीनलाच संध्याकाळ झाल्यासारखं होतं, तेव्हा फोटोपेक्षा आवाज रेकॉर्ड करा, ओल्या हवेत अल्कोचा ठोका फार छान येतो. छत्रीखाली उभं राहून रेकॉर्ड करू नका, सगळा टपटप आवाज येतो.

स्टेशनमास्तरला आधी भेटा, नाव सांगा, कशासाठी आलाय ते सांगा. ट्रायपॉड लावायचा असेल तर विचारल्याशिवाय नाही. ड्रोन अजिबात नाही. आरपीएफने हटकलं तर वाद न घालता प्लॅटफॉर्म तिकीट दाखवा आणि फोटो दाखवा. आपल्याकडे स्टाफ कन्नड, मराठी, हिंदी, तेलुगू सगळं बोलणारा असतो, तरी "गाडी याव टैमिगे बरतैती री?" (गाडी किती वाजता येते हो?) एवढं आलं तरी गेटमनचा चेहरा बदलतो आणि माहिती ॲपपेक्षा पक्की मिळते. ड्रायव्हरला कॅबमध्ये घ्या म्हणून गळ घालू नका, त्याची नोकरी जाते. हात केला की बहुतेक जण हॉर्न देतात, तेवढं पुरे.

वही ठेवा. तारीख, जागा, गाडी नंबर, इंजिन नंबर, क्लास, शेड, कुठलं हूड पुढे, मागे बँकर किती, पीओएचची तारीख दिसली तर ती. फोटो हजार असले तरी पाच वर्षांनी कुठला कुठे काढला ते आठवत नाही. इंजिन भंगारात गेल्यावर कोणीतरी विचारतं, शेवटचं कुठे दिसलं होतं, तेव्हा ही वहीच कामाला येते.

खात्रीने जुनं डिझेल पाहिजे असेल तर

आपल्या लाइनवर नशिबाचा भाग राहणारच. ज्याला सुट्टी काढून, तिकीट काढून, नक्की जुन्या डिझेलच्या मागे बसायचंय त्याने थोडं लांब जावं. उटीच्या गाडीला मेट्टुपाळयम ते कुन्नूर वाफेचं इंजिन असतं म्हणून सगळे तिथेच गर्दी करतात, पण कुन्नूर ते उटी वायडीएम-४ डिझेल ओढतं, मीटर गेजचं अल्को, सहा सिलिंडरचं. आपली लाइन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज व्हायच्या आधी मीटर गेजच होती, त्यामुळे त्या रुंदीची गाडी एकदा बसून बघण्यासारखी आहे. मध्य प्रदेशात पातालपानी ते कालाकुंड ही हेरिटेज गाडी डिसेंबर २०१८ ला सुरू झाली, ती पण मीटर गेजवर वायडीएम-४ च. जवळ पाहिजे तर माथेरान, बेळगावहून पुण्याला जायचं, तिथून कर्जत, नेरळ. आणि घरच्यांना घेऊन एका दिवसात परत यायचं असेल तर हुबळीचं रेल म्युझियम, २०२० ला सुरू झालं, तिथे नॅरो गेजची इंजिनं आहेत. म्युझियम बघून झालं की लगेच बसस्टँडकडे पळू नका, स्टेशनात जाऊन एक तास बसा, एका कॅबच्या हुबळीच्या इएमडी अजून तिथे मिळाल्या तर मिळतात, १२ हजार आणि २० हजारांतले नंबर आधी बघा.